‘मोकळी’ या शब्दाची किंमत

बांधकामाचे नियम सैल केले की घरे वाढतात, हे विधान मुंबईत सिद्धांतासारखे मांडले जाते. गिरण्यांच्या जमिनींचा इतिहास तपासला, तर ते अर्धेच खरे ठरते.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने पुनर्विकासास काढलेल्या गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे केले: एक महापालिकेला खुल्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. एवढी जमीन सोडावी लागेल म्हणून मालक पुढे येईनात. नियम कडक, आणि घरेही नाहीत, हा सुधारणावाद्यांचा आक्षेप रास्त होता.

२००१मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी राहिली, पण फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. शेडखालची जागा हिशेबातून गेली. शेड पाडल्यावरही ती मोकळी धरायची नाही. उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केला. म्हाडाचा वाटा आक्रसला. बांधकाम मात्र झपाट्याने झाले; लोअर परळला मॉल, कार्यालये, मनोरे उभे राहिले. २०१२मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हा अर्ज लाखाहून अधिक होते.

म्हणून नियमसुधारणा केवळ वाढलेल्या चटईक्षेत्रावर तोलू नये. जमिनीचा कोणता वाटा कोणाच्या घरासाठी, हे ज्या मसुद्यात नि:संदिग्ध लिहिलेले नाही, तो इमारती वाढवील. चाळीतल्या कामगाराला घर देईलच असे नाही.