फिश शेल: टाइप करायला उत्तम, पण स्क्रिप्ट त्यात लिहू नका

संशोधनाला लागलात की आज ना उद्या टर्मिनलची काळी खिडकी समोर येतेच. उबुंटूवर ती उघडली की आत बॅश असतो. बॅश १९८९ पासूनचा, भरवशाचा, पण अबोल. चुकलात तर 'कमांड सापडली नाही' एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो. मग कुणीतरी सांगतं, 'फिश टाकून बघ.' टाकावा का? माझं उत्तर: टाकावा, पण त्याला कुठपर्यंत येऊ द्यायचं ते आधी ठरवून.

शेल म्हणजे काय, तर तुम्ही टाइप केलेली ओळ वाचून ती चालवणारा प्रोग्रॅम. फिश हे 'फ्रेंडली इंटरॅक्टिव्ह शेल'चं लघुरूप. अ‍ॅक्सेल लिलजेनक्रांट्झ यांनी तो २००५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. २०२५ च्या ४.० आवृत्तीत त्याचा गाभा सी प्लस प्लसमधून काढून रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला. त्याच्यामागचा विचार सोपा आहे: वापरणाऱ्यावर शंभर सेटिंगं लादण्यापेक्षा प्रोग्रॅमनेच जरा शहाणं असावं.

हा विचार आपल्याकडे विशेष उपयोगी पडतो. झेडशेल सजवायचा तर आधी ओह माय झेडशेल, मग प्लगइन, मग थीम, आणि प्रत्येक वेळी डाउनलोड. राजूरच्या पुढे, रेंजचा भरवसा नसलेल्या गावात बसून हे करायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. फिश एकदा उतरवून घेतला की बहुतेक सगळं त्याच्या आतच असतं. 'फिश कॉन्फिग' ही कमांड दिली की ब्राउझरमध्ये रंग आणि प्रॉम्प्ट निवडायचं पान उघडतं. ते तुमच्याच मशीनवरून चालतं, इंटरनेट लागत नाही. फक्त पायथन असावा लागतो.

आता रोजच्या कामाचं बघू. समजा तुमच्याकडे भंडारदरा, घाटघर, रतनवाडी इथल्या पावसाच्या फाइली आहेत. कमांडचं नाव चुकीचं टाइप केलंत तर एंटर मारायच्या आधीच ते लाल दिसतं. पूर्वी दिलेली लांबलचक कमांड पुन्हा सुरू केलीत की उरलेला भाग फिकट अक्षरांत पुढे येतो. उजवा बाण दाबा, झालं. टॅब दाबलात तर पर्यायांची यादी येते, अनेकदा प्रत्येकाच्या अर्थासकट. नवशिक्यासाठी हे शेजारी बसलेल्या सीनियरसारखं आहे.

मग तक्रार काय? तक्रार याच चांगुलपणाबद्दल आहे.

पहिली गोष्ट. फाइलचं नाव 'भंडारदरा जुलै' आहे, मधे मोकळी जागा. हे नाव व्हेरिएबलमध्ये ठेवून अवतरणचिन्हांशिवाय वापरलं, तर बॅश त्याचे दोन तुकडे करतो आणि 'भंडारदरा' व 'जुलै' अशा दोन फाइली शोधायला जातो. फिश नाव एकसंध ठेवतो. वागणं फिशचंच बरोबर, यात वाद नाही. पण सहा महिने त्याची सवय झाली की अवतरणचिन्हं हातातून सुटतात. आणि पुढे काम जातं कुठे? आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर रांगेत काम लावायची स्क्रिप्ट साधारणपणे बॅशमध्येच लिहितात. तिथे ही सवय नडते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. फिशमध्ये 'युनिव्हर्सल व्हेरिएबल' असतात. एकदा सेट केलं की ते सगळ्या उघड्या खिडक्यांत लागू होतं आणि मशीन बंद करून चालू केलं तरी टिकतं. सोय मोठी आहे. पण ते तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. फिश ते स्वतःच्या वेगळ्या फाइलीत ठेवतो. डेटाच्या फोल्डरचा पत्ता असा ठेवलात, तर तुमच्या लॅपटॉपवर विश्लेषण छान चालेल. तीच फिश स्क्रिप्ट मित्राच्या मशीनवर चालवली की व्हेरिएबल रिकामं असतं, आणि रिकामं व्हेरिएबल जोडलेला अख्खा पत्ताच फिश गाळून टाकतो. फाइल वाचणारी साधी 'कॅट' कमांड मग काहीही न सांगता नुसती वाट बघत बसते.

हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. अशा दुर्बिणीच्या डेटावर काम करणारे प्रत्येक पायरी हाताने मारत बसत नाहीत. पायऱ्यांची स्क्रिप्ट लिहितात. ती दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या हातून चालून तेच उत्तर आलं, तरच त्या उत्तराला किंमत. तुमचा विषय पाऊस असो की भाताचं वाण, नियम हाच.

म्हणून फिश सजवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे सेटिंग माझ्या डोळ्या-हातांसाठी आहे, की निकालावर परिणाम करणारं? रंग, प्रॉम्प्ट, सूचना, हवे तसे बदला. डेटाचा पत्ता, वर्ष, गाळणीचे निकष मात्र स्क्रिप्टमध्येच लिहा, आणि स्क्रिप्ट बॅशची ठेवा. पहिल्या ओळीत बॅशचं नाव दिलं की फिशमधून चालवलीत तरी ती बॅशमध्येच चालते.

कमांड छोटी करायची तर 'एलियस'ऐवजी 'अ‍ॅब्रिव्हिएशन' वापरा. एलियसने दिलेली कमांड इतिहासात टोपणनावानेच उरते; वर्षभराने त्या टोपणनावाचा अर्थ कुणाला आठवणार? अ‍ॅब्रिव्हिएशन मात्र स्पेस किंवा एंटर दाबताच पूर्ण कमांडमध्ये उलगडतं आणि इतिहासात ती पूर्ण कमांडच जाते. फिश तिच्यासोबत वेळही नोंदवतो. म्हणजे प्रयोगवहीचा कच्चा खर्डा फुकटात तयार. फिशमधली माझ्या मते सर्वात चांगली गोष्ट हीच, आणि तिचं कौतुक मात्र रंगांपेक्षा कमी होतं.

शेवटचं: सर्व्हरवर लॉगिन शेल बदलू नका, तिथे बॅश राहू द्या. आणि कॉन्फिग फाइलीत जे लिहाल ते 'सेशन इंटरॅक्टिव्ह आहे का' या अटीच्या आत लिहा, कारण फिश ती फाइल प्रत्येक वेळी वाचतो, स्क्रिप्ट चालवतानाही. एवढं पाळलंत तर फिश जरूर वापरा.