मालिकांतील न्यायासन

कोणत्याही कलाकृतीतील वास्तवाची परीक्षा करू लागले असता टीकाकारापुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी वाट चुका मोजण्याची. पोशाख चुकला, पदवी चुकली, रीत चुकली, अशी टाचणे करीत गेले की लेख आपोआप पुरा होतो. दुसरी वाट अवघड आहे. ज्या व्यवहाराचे चित्र रेखाटले आहे, त्या व्यवहाराचा प्राण कशात आहे हे प्रथम ओळखावयाचे आणि मग तो प्राण चित्रात उतरला आहे किंवा नाही हे पाहावयाचे. आपल्या घरोघरी रोज सायंकाळी ज्या मालिका पाहिल्या जातात, त्यांत खटल्यांचे प्रसंग वारंवार येतात. आणि वकील मंडळींच्या बैठकीत त्यांवर पहिल्या प्रकारची टीका पुष्कळ ऐकू येते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या वाटेने थोडे चालून पाहण्याचे योजिले आहे.

तथापि सोप्या वाटेवरील काही दगडधोंडे आधी बाजूस सारलेले बरे. मालिकेतील न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून शांतता पुकारतात. आपल्याकडील न्यायाधीशांच्या मेजावर असला हातोडा नसतो. साक्षीदार गीतेवर हात ठेवून शपथ घेतो. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे तो ईश्वराची शपथ घेतो अथवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो, त्यासाठी ग्रंथाची जरुरी नसते. ज्यांची साक्ष अजून व्हावयाची आहे, तीच माणसे पहिल्या बाकावर बसून इतरांच्या साक्षी ऐकतात आणि मध्येच उठून ओरडतात. वस्तुतः अशा साक्षीदारांना दालनाबाहेर थांबविण्याची रीत आहे. हे सारे दोष खरे. परंतु ते क्षम्य आहेत. रंगभूमीवरचा राजा खऱ्या राजासारखा क्वचितच वागतो, म्हणून नाटक खोटे पडत नाही. असल्या चुकांनी कोणाचे नुकसान होत नाही, आणि त्यांवर हसून मोकळे होण्यात टीकाकाराचे मोठे कर्तृत्वही नाही.

मात्र या चुका आल्या कोठून, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कारण त्याच्या उत्तरातच पुढील विवेचनाचे बीज आहे. इंग्रजीत या प्रकारास ‘सोप ऑपेरा’ म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नभोवाणीवर दुपारच्या वेळी गृहिणींकरिता क्रमशः कथा चालत, त्यांचा खर्च साबणाचे कारखानदार उचलीत, म्हणून हे नाव पडले. अर्ल स्टॅन्ले गार्डनर या वकिली केलेल्या लेखकाने १९३३ मध्ये पेरी मेसन नावाचा वकील कादंबरीत आणला. १९४३ ते १९५५ या काळात तो नभोवाणीवर गाजला आणि १९५७ ते १९६६ पर्यंत दूरचित्रवाणीवर. त्याच घराण्यातील ‘द एज ऑफ नाइट’ ही दुपारची मालिका १९५६ पासून १९८४ पर्यंत चालली. मेसनचे सूत्र सर्वपरिचित आहे. त्याचा अशील निरपराध असावयाचा, पुरावा सारा त्याच्या विरुद्ध असावयाचा, आणि अखेरीस मेसनच्या प्रश्नांनी घेरलेला खरा खुनी भर न्यायालयात कबुली देऊन मोकळा व्हावयाचा. २०१० साली सुरू झालेल्या ‘अदालत’ या हिंदी मालिकेतील वकील के. डी. पाठक हा याच मेसनचा वंशज होय; आणि आमच्या मराठी मालिकांतील वकीलही त्याच कुळातले आहेत.

आता अमेरिकेतील वकील हातवारे करून बोलतो, याला तेथे कारण आहे. त्याला बारा सामान्य नागरिकांचे, म्हणजे जूरीचे, मन वळवावयाचे असते. आपल्याकडेही एकेकाळी जूरी होती. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात कमांडर नानावटी यांना जूरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरविले. परंतु न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तेथे नानावटी दोषी ठरले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जूरीची पद्धत टप्प्याटप्प्याने मागे पडत जाऊन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. तेव्हा आज आमच्या मालिकांतील वकील प्रेक्षकांच्या बाकांकडे वळून जे आवेशपूर्ण भाषण करतो, ते नेमके कोणासाठी, असा प्रश्न पडतो. श्रोता केव्हाच उठून गेला आहे, आणि वक्ता मात्र अजून बोलतो आहे!

या भाषणांच्या गदारोळात एक मनुष्य मालिकेतून पार नाहीसा झाला आहे. तो म्हणजे लिहून घेणारा. खऱ्या न्यायालयात साक्षीदाराचे उत्तर ऐकून न्यायाधीश ते लघुलेखकास सांगतात, आणि ते टंकलिखित होईपर्यंत पुढचा प्रश्न थांबतो. वकिलाच्या संतापाला दर वाक्यागणिक असा विराम पडतो. सरतपासात आपल्या साक्षीदाराला उत्तर सुचविणारा प्रश्न विचारता येत नाही. उलटतपासात तो विचारता येतो. त्यानंतर गरज पडल्यास फेरतपास. या तीन पायऱ्यांनी सत्य हळूहळू कागदावर उतरते, आणि पुढे अपील झाले तर वरच्या न्यायालयापुढे प्रामुख्याने तो कागदच जातो. साक्षीदाराचे अश्रू जात नाहीत. दोषारोपपत्राच्या व साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती आरोपीस आधीच मिळालेल्या असतात. म्हणून दार धाडकन उघडून ‘थांबा’ असे म्हणणारा अकल्पित साक्षीदार खऱ्या न्यायालयात सहसा अवतरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, लिहून घेणाऱ्याला दाखविण्यात नाट्य ते कोणते? त्यांनी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा अंक पुन्हा वाचावा. तेथे न्यायाधीशाजवळ श्रेष्ठी आणि कायस्थ बसलेले आहेत. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेच्या खुनाची फिर्याद सांगू लागतो आणि सांगता सांगता, आपण मारले नाही, असे न विचारताच बोलून जातो. कायस्थ ते शब्द टिपून घेतो. शकाराला आपली चूक कळते, आणि तो ते अक्षर पायाने पुसून टाकतो! एक लेखनिक आणि पुसलेले एक अक्षर, एवढ्या सामग्रीवर शूद्रकाने सत्ता, पाप व न्याय यांचा झगडा उभा केला. आमच्या मालिकाकारांच्या हाती आज किती तरी अधिक साधने आहेत. पण त्यांच्या न्यायालयात शाईच नाही.

येथवर रीतींचा विचार झाला. आता मुख्य दोषाकडे वळू. न्यायालयाचा प्राण संशयात आहे. न्यायाधीश घटनास्थळी नव्हता. त्याला काहीही ठाऊक नाही. दोन्ही बाजूंचे ऐकून, आपल्याला ठाऊक नाही याची जाणीव ठेवून, त्याला निर्णय द्यावयाचा असतो. म्हणून गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने सरकार पक्षावर टाकले आहे, आणि वाजवी संशय उरल्यास त्याचा फायदा आरोपीस दिला आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी हे तत्त्व ढळलेले नाही. आरोपीने खरा गुन्हेगार शोधून आणून उभा करावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

मालिकेचा कायदा याच्या अगदी उलट आहे. ‘ठरलं तर मग’ ही स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली मालिका पाहावी. आश्रम चालविणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपात सापडतात. त्यांच्या आश्रमात वाढलेली सायली त्यांना सोडविण्यासाठी अर्जुन सुभेदार या वकिलाशी कराराचा विवाह करते. आणि हा खटला कथेचा कणा होऊन दीर्घकाळ चालतो. एक निरपराध वृद्ध माणूस निकालापूर्वीच तुरुंगात पडतो, ही गोष्ट या मालिकेने लक्षावधी घरांत पोहोचविली, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या बंदिवानांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक शिक्षा झालेले नव्हते, तर खटल्याच्या निकालाची वाट पाहणारे होते. या विदारक सत्याला मधुभाऊंच्या रूपाने एक ओळखीचा चेहरा मिळाला.

परंतु सुटकेचा मार्ग मात्र पुन्हा मेसनचाच! अशा कथांत निर्दोष माणूस सुटावयाचा तर खरा अपराधी सापडलाच पाहिजे, आणि त्याला शोधण्याचे काम पोलिसांनी नव्हे तर वकिलाने केले पाहिजे, हा जणू नियमच होऊन बसला आहे. पुरावा अपुरा आहे म्हणून आरोपीला सोडले, असा निकाल मालिकेत लागत नाही. लागलाच तर तो खलपुरुषाच्या बाजूने लागतो आणि प्रेक्षकांनी त्यावर हळहळावे अशी योजना असते. याचा संस्कार फार खोल जातो. संशयाचा फायदा मिळून सुटलेला शेजारी हा ‘सुटला’ नसून ‘निसटला’ आहे, असे आपण मानू लागतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटतात, त्याला नोकरी मिळत नाही. न्यायालयाने दिलेली मुक्तता समाज परत हिरावून घेतो. गीतेवरच्या शपथेने कोणाचे बिघडत नाही; या समजुतीने मात्र माणसांचे संसार बिघडतात.

प्रेक्षकाला सत्य आधीच ठाऊक असते, मग संशय दाखवावा कसा, असा बचाव येथे केला जाईल. तो टिकणारा नाही. ‘मृच्छकटिका’तही वसंतसेना जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. तरीही शूद्रकाचा न्यायाधीश मूर्ख नाही व लाचखाऊही नाही. चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदर आहे. पण मैत्रेयाच्या काखेतून दागिने खाली पडतात, उद्यानात स्त्रीदेहाचे अवशेष आढळतात, आणि पुराव्याच्या एकेका पावलाने तो भला माणूस चुकीच्या निर्णयाकडे ओढला जातो. प्रामाणिक न्यायालयही चुकू शकते, हे कटू सत्य त्या नाटकाने दीड हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेविले. आमच्या मालिकांत न्यायालय चुकते ते केवळ कोणी पुरावा चोरला म्हणून. तो परत मिळताच न्याय लख्ख होतो. हे न्यायालय सत्य शोधीत नाही. प्रेक्षकाला ठाऊक असलेली बातमी आपल्यापर्यंत केव्हा पोहोचते, याची नुसती वाट पाहते.

घटस्फोटाच्या प्रसंगांत हा दोष अधिक जाचक होतो. भरल्या न्यायालयात सासर व माहेर समोरासमोर बसलेले, वकील पत्नीच्या चारित्र्यावर गर्जना करीत आहेत, असे दृश्य आपण अनेकदा पाहिले आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचा हेतूच मुळी हे दृश्य टाळण्याचा होता. पती किंवा पत्नी यांपैकी एकाने इच्छा दर्शविली तरी कामकाज बंद दालनात चालवावे लागते. प्रथम तडजोडीचा यत्न करावा लागतो. त्यासाठी समुपदेशक असतात. आणि वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून मानलेला नाही, न्यायालयाच्या अनुमतीने तो येतो. परस्परसंमतीने विभक्त होणाऱ्यांस हिंदू विवाह कायद्याने सहा महिने थांबावयास सांगितले आहे, आणि योग्य प्रकरणी ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले. ज्या स्त्रीने यातले काही ऐकलेले नाही, फक्त मालिकेतील गर्जना ऐकल्या आहेत, ती कितीही छळ सोसील. पण त्या दाराची पायरी चढणार नाही. तिच्या भीतीचा काही वाटा आमच्या लेखकांकडे जातो, हे त्यांनी नाकारू नये.

याचा अर्थ मालिकांनी खटले दाखवूच नयेत असा मुळीच नाही. उलट आमचे म्हणणे असे की, खटल्याचे खरे चित्र काढण्याची ऐपत मालिकेइतकी दुसऱ्या कोणत्याही कलाप्रकारात नाही. नाटकाला तीन तास, चित्रपटाला दोन. खटल्याला मात्र वर्षे लागतात. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. तारीख, पुन्हा तारीख, साक्षीदार गैरहजर, काम तहकूब. आणि मधल्या काळात मुले मोठी होतात, म्हातारी माणसे जातात, साक्षीदार विसरतात अथवा फितूर होतात. हा काळ दाखविण्यास काळच हवा, आणि तो फक्त मालिकेजवळ आहे. ‘पुढील तारीख’ आणि ‘उद्याचा भाग’ ही सख्खी भावंडे आहेत. जी कला एका हळदीकुंकवावर आठवडा खर्च करू शकते, तिला पक्षकाराच्या दिवसभराच्या ताटकळण्यावर एक भाग खर्च करणे जड जाऊ नये.

असे चित्र कंटाळवाणे होईल, हा आक्षेप चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाने निकालात काढला आहे. एका लोकशाहिरावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप, मुंबईतील कनिष्ठ न्यायालय, सपाट आवाजात कागद वाचणारी सरकारी वकील आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागणारी तीच बाई. बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून एका स्त्रीचे काम पुढे ढकलणारे न्यायाधीश. कोणी ओरडत नाही. तरी प्रेक्षकाचा श्वास कोंडतो. या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात तेंडुलकरांनी खेळातले, लटके न्यायालय मांडले. तेथे कायद्याची एकही रीत शुद्ध नाही. पण आरोपीला बोलू न देता दोषी ठरविण्याची समाजाची हौस त्यात इतकी खरी उतरली की, बेणारेबाईंचा खटला आजही अंगावर येतो. वास्तव रीतीत नसून वृत्तीत असते, याचा याहून चांगला पुरावा दुसरा कोणता?

सारांश, मालिकाकारांनी हातोडा ठेवावा, गीताही ठेवावी. त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त आपल्या न्यायासनावर एक असा मनुष्य बसवावा की ज्याला काही ठाऊक नाही, जो लिहून घेतो, थांबतो, पुन्हा विचारतो, आणि खात्री न पटल्यास आरोपीला सोडून देतो. आणि त्या सुटलेल्या माणसाला मालिकेतील कुटुंबाने दुसऱ्या दिवशी चहाला बोलवावे. तेवढा एक भाग ज्या दिवशी दाखविला जाईल, त्या दिवशी या मालिका न्यायालयाच्या पुष्कळ जवळ आल्या, असे आम्ही समजू.