१६१८ चा ‘भूकंप’ आणि साष्टीतील भग्न चर्च : एक चिकित्सा

भारतीय भूकंपांच्या जुन्या सूचींत मे १६१८ मध्ये मुंबईस भूकंप होऊन सुमारे २,००० माणसे दगावली व ६० जहाजे नष्ट झाली, अशी नोंद आढळते. साष्टीतील पोर्तुगीजकालीन चर्चांचा विचार करताना ती प्रमाण मानावी काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

नुकसानीचे स्वरूपच या नोंदीविरुद्ध साक्ष देते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये त्याच महिन्यात वसईस झालेल्या भीषण वादळाचे वर्णन आहे. त्यात माड उन्मळून पडले आणि मठ व चर्च यांची मोठी हानी झाली. माड उपटणे व जहाजे बुडविणे हे मुख्यतः वाऱ्याचे कार्य होय. असा घोटाळा अपूर्व नाही. कलकत्त्याच्या १७३७ च्या तथाकथित भूकंपाचे तीन लाख बळीही वस्तुतः चक्रीवादळाच्या नोंदीतून आले, हे रॉजर बिलहॅम यांनी १९९४ मध्ये दाखविले आहे.

उपनगरांतील अवशेषांची कथाही निराळी आहे. अंधेरीचे १५७९ चे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १८४० मध्ये साथीमुळे वस्ती मरोळला हलल्याने ओस पडले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील ख्रिस्ती मठाची आश्रयदाती सत्ता १७३९ मध्ये वसईच्या पाडावाबरोबर संपली. येथे ऱ्हासाचे मूळ कारण भूकंप नसून परित्याग होय.

हा वाद केवळ कालगणनेचा नाही. १६१८ चा भूकंप खरा मानल्यास, अंधेरीच्या भिंती एका मोठ्या भूकंपात टिकल्या, असा अनुमानाचा मोह होतो. हे अनुमान निराधार आहे. शिवाय त्या काळी या भिंतींना छपराचा आधार होता. छप्पर गेलेली दगड-चुन्याची भिंत माथ्याशी मोकळी राहते. पावसाने सांध्यांतील चुना झिजतो, झाडांची मुळे फटी रुंदावतात. अशी भिंत तिच्या पृष्ठाशी काटकोनात येणाऱ्या मध्यम हादऱ्यानेही कोसळू शकते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मुंबईस जाणवला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

सारांश, सूचीतून एक भूकंप वगळल्याने या वास्तू अधिक सुरक्षित ठरत नाहीत. उलट, त्यांची खरी कसोटी अद्याप लागलेली नाही, एवढेच सिद्ध होते. म्हणून त्यांच्या जतनाचा निर्णय जुन्या नोंदीवर विसंबून न घेता भिंतींच्या प्रत्यक्ष परीक्षणावरच आधारला पाहिजे.