फिरता कॅमेरा आणि चित्राचे कर्तेपण

हौशी छायाचित्रकारांत एक प्रघात रूढ झालेला आहे. प्लास्टिकचा एखादा स्वस्त, फिल्मचा कॅमेरा एकाने घ्यावा, दोन-चार चित्रे काढून तो टपालाने परगावच्या स्नेह्याकडे धाडावा. त्यानेही तसेच करून तो तिसऱ्याकडे पाठवावा. आणि रोल ज्याच्या हाती संपेल त्याने तो धुऊन घेऊन सर्वांना प्रती पोचवाव्या, असे त्याचे स्थूल स्वरूप होय. वरवर पाहता हा निव्वळ विरंगुळा वाटेल. तथापि या विरंगुळ्यातून चित्रसमीक्षेचे दोन मूलभूत प्रश्न उभे राहतात. यंत्र सामाईक असता चित्राचा गुण यंत्राचा की पाहणाऱ्याचा, हा पहिला. आणि अशा चित्राचा कर्ता कोणास म्हणावयाचे, हा दुसरा. या दोन प्रश्नांचा विचार भाषाभ्यासकाच्या दृष्टीने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राविषयी. या कामी वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध असून ते दोन्ही मूळचे हाँगकाँगचे आहेत. 'डायना' १९६० च्या दशकातला, आणि 'होल्गा' १९८२ सालचा. दोहोंना १२० क्रमांकाची रुंद फिल्म लागते. होल्गात तिच्यावर ६ सेंटिमीटर चौरसाची १२ चित्रे निघतात. भिंग साधे, शटरच्या गतीत फेरफार करण्यास फारसा वाव नाही, चित्राचा मध्य बऱ्यापैकी रेखीव आणि कडा अंधुक व काळपट. पाठीमागचे झाकण घट्ट बसत नसल्याने फटींतून प्रकाश गळतो, म्हणून जाणकार तेथे काळी पट्टी चिकटवतात. फिल्म पुढे सरकवणे आणि शटर दाबणे या दोन क्रिया परस्परांशी जखडलेल्या नसतात. त्यामुळे सरकवण्याचे विसरले की एकाच चौकटीवर दोन दृश्ये उमटतात. आपल्याकडे पूर्वी बडोद्यास तयार होत असलेला 'आग्फा क्लिक थ्री' हा याच कुळातला म्हणावा लागेल. प्लास्टिकचा सांगाडा, साधे भिंग आणि एका रोलवर १२ चौरस चित्रे. नांदेड-लातूरकडील घरांत जपून ठेवलेल्या आल्बमांत हाताच्या तळव्यात मावणारी चौरस, कृष्णधवल प्रत दिसली की अशाच कॅमेऱ्याची आठवण होते.

छायाचित्र आणि टपाल यांचा संबंधही पुष्कळ जुना आहे. अखिल भारतात चालणारी टपाल तिकिटे १८५४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि त्याच महिन्यात मुंबईस छायाचित्रकारांची 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होत. १८५६ ते १८५८ या काळात तिच्या आश्रयाने हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांचे एक मासिक निघे. त्याच्या प्रत्येक अंकात मूळ प्रतीच चिकटवलेल्या असत. म्हणजे त्या काळी चित्र फिरत होते, यंत्र मात्र घरीच राहत होते. १८८८ मध्ये कोडॅकने २५ डॉलर किमतीचा कॅमेरा काढला. त्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे आणि ती संपली की ग्राहकाने संपूर्ण कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवावा, १० डॉलर घेऊन कारखान्याने फिल्म धुऊन, नवी भरून तो परत करावा, अशी योजना होती. येथे यंत्र टपालाने फिरू लागले खरे, परंतु त्या प्रवासाचे दुसरे टोक म्हणजे कारखाना. फिरत्या कॅमेऱ्याच्या प्रघाताने कारखान्याच्या जागी स्नेही आणून बसवला, हेच त्याचे नावीन्य.

आपल्या प्रदेशापुरते आणखी एक स्मरण ठेवणे इष्ट. नांदेड आणि लातूर हे भाग हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानातील छायाचित्रणाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे राजा दीनदयाळ. सहाव्या निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. त्यातील 'मुसव्विर' या शब्दाचा अर्थ चित्रकार असा आहे. ज्या राज्यात छायाचित्र हे दरबाराचे भूषण होते, तेथील खेड्यात स्वस्त कॅमेरा पोचणे याचा अर्थ, पाहिले जाणाऱ्यांच्या हाती पाहण्याचे साधन येणे. म्हणूनच अशा यंत्राचा विचार त्याच्या किमतीवरून हलका लेखता येत नाही.

आता पहिला प्रश्न. या कॅमेऱ्यांचे चाहते त्यांच्या दोषांवरच लुब्ध असतात. काळवंडलेली कड, गळलेल्या प्रकाशाचा तांबूस ओघळ, मऊ झालेली रेषा यांत त्यांना काव्य दिसते. भाषाशास्त्रातील एक साधा नियम येथे उपयोगी पडेल. 'गार' आणि 'घार' या शब्दांत भेद आहे तो केवळ महाप्राणत्वाचा. मराठीत तो अर्थभेदक आहे, कारण वक्त्याला दोहोंतून एकाची निवड करता येते. इंग्रजीत शब्दारंभीचा 'प' नेहमीच काहीसा महाप्राण उच्चारला जातो. तेथे निवड नाही, म्हणून त्या महाप्राणत्वाने शब्दाचा अर्थही बदलत नाही. जे लक्षण सर्वत्र अनिवार्यपणे येते ते काही सांगू शकत नाही. हाच न्याय चित्रास लावला तर, एका रोलवरील बाराही चित्रांच्या कडा सारख्याच काळ्या असतील तर त्या काळेपणाने त्यांपैकी कोणत्याही एका चित्राचा अर्थ वाढत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, प्रेक्षकाला तर त्या कडा प्रथम जाणवतात. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या बोलीतच आहे. नांदेड-लातूरकडे 'मी करायलो', 'तू काय करायलास' असे सर्रास बोलतात. तेथे हे रूप कोणाच्या कानास खटकत नाही. तेच पुण्यात उच्चारले की ऐकणारा तत्काळ ओळखतो, वक्ता मराठवाड्यातला. त्या रूपाने वाक्याचा आशय तिळमात्र बदललेला नसतो. वक्त्याचे गाव तेवढे कळलेले असते. होल्गाची काळी कड अशीच आहे. भ्रमणध्वनीवरील लखलखीत चित्रांच्या गर्दीत ती उठून दिसते आणि 'हा अमुक मंडळींपैकी' एवढे सांगते. त्या ओळखीलाच काव्य समजणे ही या प्रघातातील मुख्य भूल होय.

दोष कधीच अर्थवान होत नाही, असा मात्र याचा निष्कर्ष नव्हे. नॅन्सी रेक्सरॉथ यांचे 'आयोवा' हे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे त्यांनी डायनाने काढली, आणि नाव आयोवाचे असले तरी ती बहुतेक ओहायोतील आहेत. तेथील धूसरपणा यंत्राने लादलेला राहत नाही. एकाच व्यक्तीने वर्षानुवर्षे तेच यंत्र हाताळून, त्याच्या स्वभावाला जुळेल असा विषय निवडून, त्या धूसरपणाला बालपणाच्या स्मृतीचे रूप दिले आहे. निवड आली की अर्थ आला. टपालाने आलेल्या कॅमेऱ्यावर ज्याच्या वाट्याला दोन किंवा तीन चौकटी येतात त्याला यंत्राचा स्वभाव कळण्यास अवधीच मिळत नाही. तेव्हा अशा रोलमधून एका कलावंताच्या शैलीची अपेक्षा करणे अनाठायी होय.

मग या प्रघाताचे मोल कशात? माझ्या मते, ज्याला चाहते गौण समजतात त्यात. सर्वांच्या हाती एकच भिंग, एकच गती आणि एकच फिल्म असल्यामुळे यंत्राचे सर्व गुणदोष स्थिर राहतात. बदलतो तो केवळ पाहणारा, त्याचे गाव आणि त्याने निवडलेला क्षण. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत निरनिराळ्या बोलींचे नमुने गोळा करताना बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट ठिकठिकाणी सांगवून घेतली, ती याच हेतूने. गोष्ट तीच, म्हणून फरक दिसला तो बोलीचा. समजा, एक कॅमेरा नांदेडहून निघाला आणि कंधार, अहमदपूर, लातूर, औसा असा फिरला. कंधारच्या आणि औशाच्या माणसाने आपापल्या गावचा किल्लाच टिपला, की किल्ल्याकडे पाठ करून समोरचा बाजार टिपला, हे त्या रोलवर शेजारी-शेजारी दिसेल. आणि त्यातील भेद यंत्राच्या माथी मारता येणार नाही. महागड्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात ही सोय नसते.

दुसरा प्रश्न कर्तेपणाचा. येथे आपल्या भाषेचा प्रयोग लक्षणीय आहे. हिंदीत फोटो 'खींचतात', बंगालीत चित्र 'तोलतात' म्हणजे उचलतात, गुजरातीत फोटो 'पाडतात'. मराठीत आपण तो 'काढतो'. तेलुगूतील 'तीयु' आणि कन्नडातील 'तेगे' ही या कामी येणारी क्रियापदेही 'काढणे' याच अर्थाची आहेत. ज्यांच्या सीमा तेलंगण आणि कर्नाटक यांना भिडतात अशा या दोन जिल्ह्यांतील अभ्यासकाने या साम्याची नोंद घ्यावयास हवी. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, 'आईने लग्नानंतर फोटो काढला' या वाक्यात आई कॅमेऱ्यामागे होती की पुढे, हे मराठी सांगत नाही. स्टुडिओत जाऊन खुर्चीवर बसणारीही फोटो 'काढते'. 'काढून घेतला' असे स्पष्ट रूप उपलब्ध असूनही व्यवहारात आपण त्याची गरज मानत नाही. म्हणजे चित्राचे कर्तेपण वाटून घेण्याची मुभा आपल्या भाषेने आधीच दिलेली आहे.

ही वाटणी कशी असावी, याचे उत्तर आपल्या शेतीत सापडते. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, बैल जुंपून दोघांची शेते आळीपाळीने नांगरतात. परंतु नांगरट सामाईक झाली म्हणून पीक सामाईक होत नाही. ते ज्याच्या त्याच्या बांधाआतले. फिरत्या कॅमेऱ्याचे कर्तेपण याच न्यायाने ठरवावे. यंत्र सर्वांचे, खर्च सर्वांचा, चित्र मात्र ज्याने काढले त्याचे. जेथे दोघांची दृश्ये एका चौकटीवर उमटली, तेथे बांधच पुसला गेला. अशा चित्राखाली दोन्ही नावे हवीत, आणि ते योगायोगाने झाले की ठरवून, हेही लिहिलेले असावे. योगायोगाला निवडीचा मान देऊन चालणार नाही.

परंतु सावडीत बांध डोळ्यांना दिसतो. रोलवर तो दिसत नाही. धुतलेल्या फिल्मवर बारा चौकटी एका ओळीत येतात आणि कोणती कोणाची हे फिल्म सांगत नाही. शिवाय उमटलेली प्रतिमा धुण्याआधी सुप्त असते. नांदेडचा पारा उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर जातो, आणि पार्सलात अशा तापात महिनोन्महिने फिरलेल्या फिल्मवर ती फिकी पडते किंवा झाकोळते. एखादी चौकट पुसट निघाली तर तिच्यावर काय होते हे सांगणारे काहीच उरत नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबर एक नोंदवही फिरलीच पाहिजे. चौकटीचा क्रमांक, काढणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, समोर कोण उभे होते आणि त्यांची संमती होती काय, एवढे पुरे. बोलीचा नमुना घेताना आपण वक्त्याचे गाव, वय, शिक्षण नोंदवतो. नोंदीवाचून तो नमुना कितीही गोड असला तरी अभ्यासास निरुपयोगी ठरतो. फिरत्या कॅमेऱ्याच्या चित्रसंचाचे परीक्षण करणाऱ्याने प्रथम वही मागावी, मग चित्रे पाहावी.

ही मागणी कोरड्या शिस्तीपोटी केलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. त्या भिंतींवर टांगलेल्या तसबिरीही ढिगाऱ्याखाली गेल्या. अशा वेळी ज्या प्रती त्यापूर्वी टपालाने परगावच्या नातलगांकडे गेलेल्या असतील तेवढ्याच उरू शकतात. आणि त्यांच्यापैकी ज्यांच्या पाठीवर नाव लिहिलेले असेल तीच माणसे पुढच्या पिढीस ओळखता येतात. चित्र फिरले म्हणून वाचते, आणि नोंद असली तरच ते कोणाचे तरी राहते.

ग्रिअर्सन यांच्या पाहणीत मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेबाहेर होते. त्यामुळे नांदेड-लातूरची बोली तीत आलीच नाही. जी नोंद दुसऱ्याच्या हातून व्हावयाची होती ती राहून गेली. स्वस्त कॅमेरा आपल्या हातचा आहे आणि पार्सल या गावाहून त्या गावी आजही जाते. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी असा एखादा कॅमेरा दोन्ही जिल्ह्यांत फिरवावयाचे मनावर घेतले, तर काळ्या कडांच्या मोहात न पडता त्यांनी नोंदवहीची पाने आधी आखून घ्यावी, अशी सूचना करावीशी वाटते.