‘स्मृतिचित्रे’ : आगगाडी आणि स्वयंपाकघर

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. आपल्या प्रवचनांतून त्याचा उल्लेख वारंवार होतो. परंतु टिळकांचे नाव निघाले की प्रवचनकार बहुधा एकाच प्रसंगाकडे वळतात. १८९३ साली राजनांदगावाच्या प्रवासात नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला, त्याने त्यांना नवा करार दिला आणि ‘दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल’ असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईस बाप्तिस्मा झाला. आपण जीवनात कोण व्हावयाचे, हा विषय तरुणांपुढे मांडताना ही कथा फार सोयीची पडते. एक पुस्तक, एक क्षण, एक निर्णय!

ग्रंथ मात्र टिळकांचा नाही, त्यांच्या पत्नीचा आहे. निर्णय पतीने घेतला. त्याचे मोल पत्नीला, तिला न विचारता, चुकवावे लागले. लहानग्या मुलासह आप्तांच्या आश्रयाने काढलेले ते दिवस लक्ष्मीबाई वर्णितात तेव्हा त्यांची विनोदबुद्धी शाबूत असते, पण तो विनोद दुःखावर घातलेले पांघरूण नव्हे. पतीवरील प्रेम आणि त्याच्याविषयीची तक्रार त्या एकाच वाक्यात नांदवितात. टिळकांचे थोरपण सांगताना ही तक्रार वगळणारे आपण त्या ग्रंथावर अन्याय करतो, आणि ऐकणाऱ्या तरुणावरही. कारण त्याच्याही निवडीचा भार घरातील कुणाला तरी वाहावा लागणार असतो.

लक्ष्मीबाईंची स्वतःची निवड निराळ्या वाटेने झाली. त्यांच्या वडिलांचे सोवळे टोकाचे. त्या घरच्या वातावरणाच्या वर्णनाने ग्रंथाचा आरंभ होतो. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या तरी आपले सोवळे सांभाळून. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न त्रैक्याचा वा प्रायश्चित्ताचा नव्हता. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हा होता. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा उलगडा त्यांचा त्यांना झाला. शिवाशिव आधी सुटली आणि श्रद्धेला वाट मागाहून मिळाली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. दोन बाप्तिस्म्यांमध्ये पाच वर्षांचे अंतर आहे, आणि माझ्या मते ग्रंथाचा प्राण त्या अंतरातच आहे.

लक्ष्मीबाईंच्या लेखनात धर्मविचार तोकडा आहे, असा आक्षेप काही अभ्यासू मंडळी घेतात. तो अगदीच निराधार नाही. ख्रिस्ताविषयी त्यांना नेमके काय उमगले, याचे सविस्तर विवेचन शोधणाऱ्याची निराशा होते. परंतु वर्षानुवर्षांची सवय मोडताना देह कसा आडवा येतो, बुद्धीला पटलेले हाताला का पटत नाही, हे त्यांच्याइतके प्रांजळपणे मराठीत क्वचितच कुणी लिहिले असेल. रोमन मंडळीने १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा टप्प्याटप्प्यांचा विधी पुनरुज्जीवित केला, तो ह्याच मंद गतीची जाण ठेवून. दीक्षार्थी अमुक महिन्यांत ‘तयार’ झालाच पाहिजे, अशी घाई करणाऱ्या आपल्यातील धर्मशिक्षकांनी ही प्रकरणे अवश्य वाचावीत.

१९५० च्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’ असे आहे, म्हणजे ‘मी मागोमाग जाते’. पतीच्या मागोमाग, असाच अर्थ वाचक सहसा घेतात, आणि ग्रंथ त्या अर्थाला सतत विरोध करीत राहतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात हेच शब्द तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या वचनात येतात. तेथे पौल आपण अद्याप पूर्ण झालेलो नाही, धावतोच आहोत, असे कबूल करतो. नावाचा हा दुसरा अर्थ मला अधिक सार्थ वाटतो.

टिळकांच्या बाबतीतही आगगाडीपाशी काही संपले नाही. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला. गृहिणीच्या नजरेतून तो संन्यास कसा दिसला, हेही लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. शिबिरातील व्याख्यानांत ती पाने अजून माझ्या ऐकण्यात आलेली नाहीत.