पाठ्यपुस्तकांतील बालचित्रण

प्राथमिक शाळांच्या वाचनपुस्तकांतील धडे, कविता व चित्रे यांतून उभे राहणारे मुलाचे व बालपणाचे रूप. हे रूप मुलांच्या प्रत्यक्ष जीवनापेक्षा प्रौढ समाजाच्या अपेक्षांचेच अधिक द्योतक असते.

सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या बाळमित्र (१८२८) या भाषांतरित पुस्तकापासून मराठीत बोधपर बालवाचनाची परंपरा दिसते. तीत मूल हे प्रामुख्याने सद्‌वर्तनाचे वा दुर्वर्तनाचे उदाहरण असते. प्र. के. अत्रे यांच्या नवयुग वाचनमालेने विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बोधाइतकेच महत्त्व आनंदाला व सुबोध भाषेला दिले. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशींनंतर १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. त्याच्या ‘बालभारती’ या पुस्तकांमुळे राज्यभरच्या मराठी शाळांतील मुलांना एकच वाचन लाभले; त्यांतील मूल भावी नागरिक म्हणून रंगविले गेले. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई व वडील मिळून भाजी निवडताना दाखविण्यात आले. कुटुंबातील कामाच्या वाटणीचे रूढ चित्र त्यामुळे बदलले.

तथापि समान पुस्तकाची मर्यादा औद्योगिक परिसरात विशेष जाणवते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कंपनीची स्थापना झाली. पुढे भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि कालांतराने कांद्याच्या बाजारपेठेसाठी ख्यात असलेल्या चाकणपर्यंत कारखाने पसरले. येथील शाळांत शेती सुटलेल्या स्थानिक कुटुंबांची आणि मराठवाडा, विदर्भ व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसतात. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, खोली भाड्याची, आजी-आजोबा दूर गावी, आणि बापाचे काम बदलले की मुलाची शाळाही बदलण्याचा संभव, असे त्यांपैकी अनेकांचे बालपण असते. अंगण, शेत किंवा स्थिर मध्यमवर्गीय घर यांभोवती रचलेल्या धड्यांत त्याला सहसा मध्यवर्ती स्थान मिळत नाही. कामगार भेटतो तो बहुधा ‘आपले मदतनीस’ म्हणून. कोणाचा तरी बाप म्हणून क्वचितच.

प्रत्येक वस्तीचे चित्र एका पुस्तकात सामावणे अशक्य आहे, आणि ते इष्टही नाही. चाकणच्या मुलाला कोकणातला समुद्र पुस्तकातूनच प्रथम दिसू शकतो. स्वतःपलीकडचे जग दाखविणे हे वाचनाचे मूळ प्रयोजनच होय. म्हणून बालचित्रणाचा कस निराळा ठरतो. धड्यातील मूल प्रश्न विचारते, चुकते व स्वतः निर्णय घेते, की केवळ शेवटच्या ओळीतील उपदेशासाठी वावरते, हे पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे भाड्याच्या खोलीतील बालपण दयेचा विषय न करता सहजपणे आले आहे की नाही, हेही तपासावे लागते. वर्गात मुलांनी स्वतःच्या घराविषयी सांगितलेल्या हकिकतींचे वाचन ही उणीव काही अंशी भरून काढू शकते. पहिल्या पुस्तकात आपल्या घरासारखे घर कोठेच न आढळल्यास आपले जगणे लिहिण्याजोगे नाही, अशी समजूत मुलाच्या मनात रुजण्याचा धोका असतो. आणि ती दूर करणे पुढील इयत्तांतील शिक्षणालाही अवघड जाते.