जागेवर असलेलं ‘नष्ट’ चर्च

ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात जॉन रस्किननं काढलेलं एक जलरंगातलं चित्र आहे. विषय: इटलीतल्या लुक्का शहरातलं सान मिकेले चर्च. चित्राच्या शीर्षकात त्या चर्चला चक्क ‘नष्ट झालेलं’ म्हटलंय. पण लुक्काला गेलात तर चर्च जागेवरच दिसेल. मग नष्ट काय झालं?

१८४५ मध्ये, २६ वर्षांचा असताना, रस्किन पहिल्यांदाच आईवडिलांशिवाय इटलीत फिरत होता. सान मिकेलेचा दर्शनी भाग तेव्हा पार झिजलेला होता. १८६० च्या दशकात त्याचं मोठं काम निघालं. जुने दगड बदलले, आणि नव्यानं कोरलेल्या चेहऱ्यांमध्ये गॅरिबाल्डी आणि काव्हूरही येऊन बसले! रस्किनच्या लेखी चर्च तिथेच संपलं. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे आपल्याकडे पुण्याचं काम. रस्किनला मात्र तो नाशच वाटे, कारण जुन्या कारागिराचा हात परत आणता येत नाही. हे त्यानं १८४९ च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये मांडलं होतं.

आता चित्र नीट बघा. अख्खं चर्च त्यात नाहीच. थोडे खांब, कमानी, आणि संगमरवरात जडवलेली जनावरं, बस्स. एक खांब दुसऱ्यासारखा नाही. सॅम्युअल प्राउटसारखे त्या काळचे लोकप्रिय चित्रकार जुन्या इमारतीसमोर बाजार, माणसं, गडबड मांडायचे. छान देखावा तयार व्हायचा. रस्किन देखावा करत नाही. प्रत्येक दगडाची झीज तो वेगळी टिपतो. आज मूळ काम कसं होतं हे समजून घ्यायला हे चित्र उपयोगी पडतं, ते त्यामुळेच.

पण देखाव्याबरोबर माणसंही गेली, आणि इथे मला अडतं. या चर्चमध्ये रोज प्रार्थनेला येणारे लोक होते. डोक्यावरचा दगड निखळायला आला असेल तर तो बदलावा असं त्यांना वाटणं साहजिकच. त्यांच्यासाठी चर्च संपलं नव्हतं. ते संपल्याचं ठरवलं एका पाहुण्यानं.

चार वर्षांनी गावी जाऊन ‘आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही’ असं आपणही म्हणतोच ना? काय बदललं ते रस्किनइतकं बारकाईनं जरूर टिपा. पण ‘नष्ट’ हा शब्द वापरण्याआधी तिथे राहणाऱ्यांना एकदा विचारा.